रग्बी लीग, तुरुंग आणि सुटकेनंतरचे कागद

ऑकलंडकर

दक्षिण ऑकलंडमध्ये मनू वातुवेईचं, म्हणजे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेल्या रग्बी लीगच्या माजी खेळाडूचं, नाव काढलं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, माणसानं शिक्षा भोगली, विषय संपला. दुसरा म्हणतो, आमच्या गल्लीतली घरं 'पी'नं बसली आणि तुम्ही ह्याला हार कसले घालता? ('पी' म्हणजे मेथॅम्फेटामाइन. इथे सगळे एवढंच म्हणतात.) मी दोघांचंही ऐकतो आणि मला तिसरंच काहीतरी वाटत राहतं, म्हणून हा धागा. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

लीग माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा प्रसिद्ध रग्बी संघ) खेळतात ते युनियन, १५ जणांचं. लीग १३ जणांचं. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून फुटले. भांडण पैशाचं होतं. गिरणीत किंवा खाणीत राबणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याची मजुरी बुडायची. ती भरून द्या म्हटलं तर वरच्या मंडळींना ते खेळाच्या अब्रूला बाधक वाटलं. तेव्हापासून लीग कामगार वस्त्यांचं राहिलं. इंग्लंडात विगन, हल, कॅसलफर्ड, आणि इथे माओरी कुटुंबं आणि टोंगा-सामोआहून आलेले लोक राहतात तो दक्षिण ऑकलंडचा पट्टा. गिरणगावातली कबड्डीची मंडळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वातावरण समजावून सांगायला नको.

वातुवेई याच पट्ट्यातला. टोंगन घरातला पोरगा, २००४ मध्ये अठराव्या वर्षी ऑकलंडच्या वॉरियर्स क्लबकडून पदार्पण. टोपणनाव 'द बीस्ट'. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभा राहायचा, पण अंगानं पुढच्या फळीतल्या दांडग्या फॉरवर्डसारखा. वॉरियर्ससाठी २२६ सामने आणि १५२ ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवला की एक ट्राय), हा ट्रायचा क्लबविक्रम. २००८ मध्ये न्यूझीलंडनं ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषक घेतला त्या संघात होता. २०१७ मध्ये इंग्लंडला सॅलफर्ड क्लबकडे गेला आणि तिथून निवृत्ती. २०१९ मध्ये टीव्हीवरची नृत्यस्पर्धा जिंकला, घराघरातल्या आज्यांचा लाडका झाला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीला अमली पदार्थ आयात केल्याच्या आरोपाखाली अटक. २०२१ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३ वर्षं ७ महिन्यांची शिक्षा झाली. इथे दोन वर्षांवरच्या शिक्षेत साधारण एक तृतीयांश काळ झाला की पॅरोल बोर्डासमोर उभं राहता येतं. आता तर शिक्षेची पूर्ण मुदतही उलटून गेली आहे.

आता माझं म्हणणं. लोक ह्या गोष्टीकडे माफी द्यायची की नाही अशा अंगानं बघतात. मला वाटतं माफीचा भाग त्यातला सगळ्यात सोपा. टाळ्या वाजवणारे वाजवतात, शिव्या देणारे देतात, दोघेही घरी जातात. बाहेर आलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं ते कागदांवर. बँकेचं खातं, भाडेकरार, नोकरीच्या अर्जातला तो एक चौकोन, शाळेत पोरांना शिकवायला जायचं तर पोलिस व्हेटिंग (पोलिसांकडून होणारी पूर्वेतिहासाची तपासणी), व्हिसा.

न्यूझीलंडमध्ये २००४ चा 'क्लीन स्लेट' कायदा आहे. सात वर्षं नवा गुन्हा नाही, बाकीच्या अटीही पाळल्या, तर जुना गुन्हा सांगायची गरज उरत नाही. ऐकायला छान आहे. पण ज्याला एकदाही तुरुंगवासाची शिक्षा झाली तो त्यात बसतच नाही, मग तो पुढे चाळीस वर्षं सरळ वागला तरी. म्हणजे पाटी पुसायची सोय आहे, पण ज्यांची पाटी सगळ्यात भरलेली त्यांना वगळून.

आणि खेळाडूंच्या बाबतीत अजून एक गोष्ट मला छळते. सोळा-सतराव्या वर्षापासून क्लब ह्या पोरांचा दिवस आखून देतो. उठायचं कधी, खायचं काय, जिम कधी, विमान कुठलं. तिशीत हे सगळं एका दिवसात बंद. तुरुंगातही दिवस दुसराच आखतो, आणि तोही एका दिवसात बंद होतो. वातुवेईसारख्या माणसाच्या वाट्याला हे दोनदा आलं. स्वतःचा मंगळवार स्वतः भरायला त्याला कोणी शिकवलंच नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

सिडनीचा_सदू

लेख आवडला. मनूबद्दल एक भर घालतो. २००७ मध्ये सिडनीच्या पॅरामॅटा क्लबविरुद्ध त्याच्या हातून एकामागून एक चेंडू सुटत गेले. त्या काळात त्याची इतकी टर उडवली गेली की वाटलं, पोरगा संपला. तरी कारकिर्दीत त्यानं सलग दहा हंगाम, दर हंगामात किमान दहा ट्राय करून दाखवले. त्याच्या आधी हे कोणी केलं नव्हतं. कोसळून उठायची सवय त्याला मैदानावर होती, एवढंच म्हणेन.

पण क्लबची दारं कशी उघडतात ते बघायचं तर डॅनी विक्सचं उदाहरण घ्या. न्यूकॅसल नाइट्स क्लबचा प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. अमली पदार्थ विकल्याबद्दल २०११ मध्ये तीन वर्षांची शिक्षा, त्यात किमान दीड वर्ष आत. सुटल्यावर आपल्या गावी ग्राफ्टनला गेला, गावच्या घोस्ट्स संघाकडून खेळला. तिथे ना कॅमेरे, ना पगार सांगण्यासारखा. आणि २०१५ मध्ये पॅरामॅटाकडून थेट एनआरएलमध्ये (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची सर्वोच्च लीग स्पर्धा) परतला. मला वाटतं ती ग्राफ्टनची वर्षंच कामी आली. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, लपवायला काही नसतं.

उलट बाजू म्हणजे रसेल पॅकर, तोही एनआरएलचा खेळाडू. मारहाणीबद्दल जानेवारी २०१४ मध्ये शिक्षा झाली, क्लबनं करार मोडला. वर्षभरानं सुटला तेव्हा लीगनं २०१५ साठी नोंदणी द्यायला नकार दिला, परतला तो २०१६ मध्ये. म्हणजे न्यायालयाची शिक्षा संपली तरी धंद्याची वेगळी शिक्षा असतेच. ती योग्य की अयोग्य यावर माझं मत अजून पक्कं नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाला तुडवलं होतं त्यानं, हेही विसरून चालणार नाही.

---

शांताक्का

ऑकलंडकर, लिहिता छान, पण मला राग आला वाचून. खरं सांगते.

मी इथे हॅमिल्टनला बरीच वर्षं नर्सिंग केलं. 'पी' घेणारी माणसं रात्री-बेरात्री यायची. तीन-तीन दिवस झोप नाही, अंगावर किडे फिरताहेत असं वाटून खाजवून खाजवून कातडी सोललेली. सोबत बायको, तिच्या काखेला लहान मूल, आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नाही, कारण त्याला त्याची सवय झालेली. ते पुडकं देशात कोणीतरी आणतो म्हणून हे होतं. आयातीला इथे कायद्यानं जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती उगाच नाही. तुम्ही वातुवेईचा मंगळवार कसा भरायचा याची काळजी करता. त्या मुलाचा मंगळवार कोणी भरायचा?

आणि त्याच गुन्ह्यात आत गेलेला, कधी एकही ट्राय न केलेला एखादा पोरगा, त्याच्यावर कोण धागा काढतं?

---

टवाळ_पोर

शांताक्का +१००. बाकी 'द बीस्ट'चे ट्राय आठवून अजून काटा येतो, ते वेगळं.

---

ऑकलंडकर

शांताक्का, तुमचा राग रास्त आहे आणि शेवटचा प्रश्न तर धाग्याच्या गाभ्यालाच हात घालतो. माझं उत्तर असं की वातुवेईला निदान लोक ओळखतात. कोणी जुना सहकारी फोन करतो, कोणी रेडिओवर बोलावतो. त्या दुसऱ्या पोराला कोणी ओळखत नाही, पण कायदा मात्र दोघांना एकच लागू. ओळख असूनही ज्याला जड जातं तिथे बिनओळखीचा कसा तरणार? म्हणून मी नामवंताचं उदाहरण घेतलं. बाकी त्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ काही टंकू शकलो नाही.

---

पाटीपेन्सिल

अगदी साधा प्रश्न. सुटतो त्या दिवशी माणसाच्या हातात काय असतं? म्हणजे गेटबाहेर पाऊल टाकलं, पुढे?

---

ऑकलंडकर

न्यूझीलंडमध्ये 'स्टेप्स टू फ्रीडम' नावाचं अनुदान आहे, जास्तीत जास्त ३५० डॉलर. महिन्यावर आत राहिलेल्यांना अर्ज करून मिळतं. ऑकलंडमध्ये एका खोलीचं आठवड्याचं भाडं भरलं की त्यातलं बरंचसं संपतं, आणि अनामत वेगळी. ओळखपत्राची मुदत आत असताना संपलेली असते, त्यामुळे बँक खातं उघडत नाही, आणि खातं नाही म्हणून भत्ता जमा होत नाही. 'पार्स'सारख्या संस्था आहेत, कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या, त्या हे कागद गोळा करून देतात. त्यांचे लोक गेटवर गाडी घेऊन उभे राहतात, कारण पहिल्या दिवशी गाडी घेऊन कोण येतं यावर पुष्कळ काही ठरतं. जुने दोस्तही येतातच.

---

लीड्सची_मावशी

इंग्लंडातही वेगळं नाही. सुटताना मिळणारी रक्कम १९९५ पासून ४६ पौंड होती, ती २०२१ पर्यंत पेन्सभरही वाढली नाही. मग ७६ केली. सव्वीस वर्षांत पावाची किंमत किती वाढली ते सांगायला नको.

पण कायद्याच्या बाबतीत आमच्याकडचं गणित न्यूझीलंडपेक्षा मोकळं आहे. १९७४ चा रीहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा, त्यात ऑक्टोबर २०२३ पासून बदल झाले. एक ते चार वर्षांची कैद असेल तर शिक्षेची मुदत संपल्यावर चार वर्षांनी ती 'स्पेंट' धरतात, मग साध्या नोकरीच्या अर्जात सांगावी लागत नाही. म्हणजे वातुवेईची ३ वर्षं ७ महिने इथे असती तर कधीतरी मागे पडली असती. शाळा, दवाखाने, लहान मुलं यांच्याशी संबंध येणाऱ्या कामात वरच्या स्तराची तपासणी असते, तिथे मात्र दिसू शकते. आणि लीगच्या निवृत्त खेळाडूला काम मिळतं ते बहुतेक तिथेच: शाळेत कोच, क्लबच्या पोरांचा ट्रेनर.

अजून एक सांगते, तुरुंगाशी थेट संबंध नाही पण दिवस भरण्याच्या मुद्द्याशी आहे. टेरी न्यूटन, विगनचा, ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला हुकर. फेब्रुवारी २०१० मध्ये ग्रोथ हार्मोनसाठी दोन वर्षांची बंदी आली आणि त्याच सप्टेंबरात त्यानं जीव दिला. वय ३१. त्या धक्क्यातून २०११ मध्ये 'स्टेट ऑफ माइंड' ही संस्था उभी राहिली. लीगचे माजी खेळाडू क्लबांत, कारखान्यांत जाऊन स्वतःच्या खचलेल्या दिवसांबद्दल बोलतात. डॅनी स्कल्थॉर्प त्यांच्यापैकी एक. सहा फुटांवरचा धिप्पाड माणूस आपण रडलो, जगायला नको वाटलं, असं सांगतो, आणि समोर बसलेले ट्रक ड्रायव्हर मान खाली घालून ऐकतात. माझ्या नवऱ्याच्या डेपोत असं एक सत्र झालं होतं. त्यानंतर दोन जण डॉक्टरकडे गेले.

---

काळा_कोट

वकील आहे, पण इथे सल्ला देत नाही, नुसती माहिती.

१) न्यूझीलंडमध्ये शिक्षा ठरवताना कलम २७ खाली आरोपीची पार्श्वभूमी न्यायालयासमोर मांडता येते. घरची गरिबी, हिंसा, व्यसन, समाजापासून तुटणं. त्यासाठी लेखी अहवाल तयार करून घेत, विधी साहाय्यातून पैसे मिळत. २०२४ मध्ये सरकारनं तो निधी बंद केला. अहवालावर बंदी नाही, पण खिशात पैसे असतील तर. म्हणजे शांताक्कांच्या त्या अनोळखी पोराला तो आता परवडणार नाही.

२) ऑस्ट्रेलिया. लीगच्या माणसासाठी हा खरा फास. एनआरएलच्या सतरा क्लबांपैकी सोळा ऑस्ट्रेलियात. कोचिंग असो, समालोचन असो, पैसा तिकडे. आणि ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम ५०१ प्रमाणे एक वर्ष किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेला माणूस चारित्र्याच्या कसोटीत नापास होतो. व्हिसा द्यायचा की नाही हे मग अधिकाऱ्याच्या मर्जीवर. न्यूझीलंडचा पासपोर्ट असला की एरवी तिकडे विमानतळावरच व्हिसा मिळतो, ह्याला मात्र आधी अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं.

३) हेच कलम उलट दिशेनंही चालतं. लहानपणी आईबापांबरोबर सिडनीला गेलेली, उच्चारानं पक्की ऑस्ट्रेलियन झालेली मुलं शिक्षा संपताच न्यूझीलंडला पाठवली जातात. डिसेंबर २०१४ पासून व्हिसा रद्द होणं बऱ्याच प्रकरणांत सक्तीचं झालं आणि हजारो लोक असे परत आले. ऑकलंडमध्ये त्यांना 'फाइव्ह-ओ-वन' म्हणतात, आकड्यानंच. ना घर, ना आत्या-काका, ना शाळेचा मित्र.

---

सिडनीचा_सदू

काळा कोट, तिसऱ्या मुद्द्यावर दुजोरा. आमच्या वेस्टर्न सिडनीत टोंगन, सामोअन, माओरी पोरांनी ज्युनिअर लीग भरलेलं असतं. एनआरएलच्या वरच्या संघांतसुद्धा जवळपास निम्मे पॅसिफिक वंशाचे. नागरिकत्वाचा अर्ज करायचा राहून गेला, कारण गरजच वाटली नाही. आणि मग विसाव्या वर्षी एक मारामारी, की देशच बदलतो.

डोक्याच्या माराबद्दल कोणी बोललं नाही. स्टीव्ह फोक्स आणि पॉल ग्रीन, दोघेही लीगचे माजी खेळाडू आणि कोच, दोघांच्याही मेंदूत मृत्यूनंतर सीटीई (डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा मेंदूचा आजार) आढळला. दहा-पंधरा वर्षं डोक्यावर आघात झेललेल्या माणसाचे निर्णय कसे असतील?

---

शांताक्का

सदू, इथे मला थांबवावंसं वाटतं. त्या दोघांनी कुठलाही गुन्हा केला नव्हता, त्यांची नावं या धाग्यात ओढू नका. डोक्याला मार लागलेले हजारो खेळाडू आहेत, ते अमली पदार्थ मागवत नाहीत. एखाद्याची तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

मात्र काळा कोट यांचा मुद्दा क्रमांक १ वाचून मी गप्प झाले.

---

सिडनीचा_सदू

बरोबर आहे, ती जोडणी ओढूनताणून होती. सोडतो.

---

फौंड्रीवाला

ऑकलंडच्या ईस्ट तामाकीत छोटं वर्कशॉप आहे माझं, लोखंडी जिने आणि रेलिंग. मूळचा कोल्हापूरचा. तुरुंगातून आलेली माणसं मी ठेवतो. पुण्यकर्म वगैरे काही नाही, वेल्डर मिळत नाहीत म्हणून.

अनुभव सांगतो. काम शिकवणं सोपं. अडतं ते भलत्याच ठिकाणी. प्रोबेशन ऑफिसरची भेट सकाळी दहाला, कामाची वेळ सातची, ऑफिस दुसऱ्या टोकाला. लायसन्स गेलेलं, बस दोन बदलाव्या लागतात. एका पोराच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा होता, त्याला साइटवर पाठवायचं तर आधी पत्ता मंजूर करून घ्या. गिऱ्हाईक ऐनवेळी पत्ता बदलतं, मग तो पोरगा दिवसभर वर्कशॉपात ग्राइंडर फिरवत बसतो. निम्मे मालक इथेच कंटाळतात आणि माणूस वाईट निघाला असं सांगत सुटतात.

एकजण टिकला. लीग खेळलेला होता, मोठ्या पातळीवर नाही, क्लबचा राखीव खेळाडू. त्याला सगळ्यात जड काय गेलं, तर पगाराच्या दिवशीची संध्याकाळ. कारण पैसे आणि मोकळा वेळ एकदम हातात. त्यानं स्वतःच सुचवलं, मला शुक्रवारी उशिरापर्यंत थांबवा, साफसफाई देतो करून. आम्ही वर्षभर तसं केलं. मग त्याच्या क्लबनं त्याला ज्युनिअरांच्या सरावाला शुक्रवारी बोलावलं. पाण्याच्या बाटल्या भरायला, बरं का, कोच म्हणून नाही. कोच व्हायला तो व्हेटिंगचा कागद लागतो.

कामावर सगळेच टिकले असं समजू नका. एकानं माझी हत्यारं विकली. पोलिसांत दिलं मी.

---

टवाळ_पोर

फौंड्रीवाले काका, वेगळा धागा काढा राव. हा प्रतिसाद इथे पुरला जाईल.

---

पाटीपेन्सिल

मला एक कळत नाही. क्लब स्वतः का करत नाहीत हे? ज्या खेळाडूच्या नावावर इतकी तिकिटं खपली त्याच्या सुटकेनंतर एक नोकरी देता येत नाही?

---

ऑकलंडकर

पाटीपेन्सिल, क्लब प्रायोजकांवर चालतो आणि प्रायोजकाला पहिल्या पानावरची बातमी नको असते. त्यामुळे मोठा क्लब करतो तेव्हाही गाजावाजा न करता करतो, किंवा तो माणूस पुरेसा 'स्वच्छ' झाल्यावर करतो, म्हणजे जेव्हा गरज कमी उरलेली असते. वस्तीतला छोटा क्लब मात्र पहिल्याच आठवड्यात बोलावतो. तिथे चहाची किटली सांभाळणारी बाईच त्याची मावशी असते.

शांताक्का, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या पोरांच्या क्लबात पुढच्या हंगामाआधी पालकसभा आहे. 'पी'बद्दल पोरांशी कोणी बोलावं यावर चर्चा होणार. काहींना माजी खेळाडू हवाय, आत जाऊन आलेला. मला वाटतं एकटा खेळाडू बोलला तर पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतील आणि घरी जातील. तुम्ही त्याच सत्रात, त्याच्या शेजारी बसून, दवाखान्यातलं सांगाल का? हॅमिल्टनहून आणायची-सोडायची व्यवस्था माझ्याकडे.

---

शांताक्का

येईन. पण आधी मी बोलणार, मग तो. आणि मी बोलत असताना तो खोलीत बसलेला असला पाहिजे. ही अट त्याला मान्य असेल तर तारीख कळवा. शनिवार नको, नातीची पोहण्याची शिकवणी असते.

---

फौंड्रीवाला

तो शुक्रवारवाला गडी यायला तयार होईल असं वाटतं. नावाजलेला नाही, सेल्फीचा प्रश्नच नाही. विचारून सांगतो.